मालकाने भरलेली ओटी

अहो वहिनी, कढीपत्ता तोडताय तर वरच्या फांदीचा तोडा, खालच्याला कीड लागलीय. आणि जरा अलीकडे या, मोठ्याने सांगण्यासारखं नाही. आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहते ना ती पोर, साड्यांच्या दुकानात जाणारी? तिचं नि मालकाचं काल चांगलंच वाजलं.

कशावरून म्हणजे? पैशावरून! लग्नसराईत वीस दिवस रोज दोन-दोन तास जास्त थांबवून घेतलं सगळ्यांना. रात्री घरी यायची तेव्हा पाय सुजलेले असायचे बिचारीचे. आणि पगाराच्या दिवशी जादा काय दिलं, तर एक साडी नि पाव किलो पेढे. साडीसुद्धा न खपलेला माल हो, घडीवर पिवळा पट्टा पडलेला! आम्ही कारखान्यात ओव्हरटाइमला ओटी म्हणायचो. याने पोरींची खरंच ओटी भरली की!

मी सातपूरला टाइम ऑफिसात होते, पंचकार्डं माझ्याच हातून जायची. तिला समोर बसवलं नि हिशेब मांडून दाखवला. पगार 15,600. सव्वीसने भागा, दिवसाचे 600. आठाने भागा, तासाचे 75. आठवड्याचे 48 तास तिचे आधीच भरतात, म्हणजे वरचा प्रत्येक तास दुपटीने, 150. चाळीस तासांचे झाले 6,000 रुपये. आता सांगा, ती साडी सहा हजारांची होती का? दुप्पट ठेवलीय ती मुद्दाम. त्याच भावात जादा तास मिळाले तर मालक आणखी एक माणूस कशाला ठेवील? आमचे साहेब ओटीच्या कागदावर सही करताना दहादा विचार करायचे, ते काही आमच्या काळजीने नव्हे.

तर मालक म्हणतो कसा, “पेपर वाचत नाहीस का? माझ्याकडे माणसं चौदा. आता विसाच्या आत कायदाच नाही!” पेपर वाचला, पण अर्धाच. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने दुकानांच्या कायद्यातले बदल मंजूर केले, हे खरं. दहा माणसांपासून लागायचा तो विसापासून, दिवसाचे नऊ तास होते ते दहा, नि तीन महिन्यांतला ओव्हरटाइम 125 तासांवरून 144 पर्यंत. मला विचाराल तर हे बरं नाही झालं. आपल्या बाजारात वीस माणसं असलेली दुकानं आहेत तरी किती? पण किमान वेतनाला डोकी मोजत नाहीत हो. एक नोकर असला तरी द्यावंच लागतं. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये जी वेतन संहिता लागू झाली, तिच्यातही जादा तासाला दुप्पटच लिहिलंय.

हो, सह्या घेतल्यात ना त्याने! “स्वखुशीने थांबलो, जादा पैसे नकोत.” त्या कागदात पेढे बांधा म्हणावं. हक्काचा पैसा असा लिहून सोडता येत नाही, तो करारच रद्दबातल. 1982 मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणं ही वेठबिगारीच, असं न्यायालयाने तेव्हाच सांगितलंय.

मला जास्त राग आला तो डब्याचा. जिन्याखाली उभ्याने, आळीपाळीने जेवतात पोरी. गिऱ्हाईक आलं की हात धुवून पळायचं. अहो, 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय, तर रविवारची सुट्टी नि दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर. रविवार मिळाला 1890 मध्ये. आणि इथे गॅस, एसी, सीसीटीव्ही सगळं आहे, डबा खायला अर्धा तास नाही! केरळात तर साड्यांच्या दुकानांतल्या बायकांना नुसतं बसता यावं म्हणून लढावं लागलं, तेव्हा 2018 मध्ये कायद्यात स्टूल आलं. तमिळनाडूत 2021 मध्ये.

तुमच्या चिरंजीवांचं म्हणताय? ते ‘मॅनेजर’ ना, त्यांची गोष्ट वेगळी. पण मॅनेजर नावाचा की कामाचा, ते बघा. हाताखाली कोणी नाही, रजा मंजूर करायचा अधिकार नाही, तर कसला मॅनेजर? कोर्टात गेलं की दारावरची पाटी नाही, माणूस काम काय करतो ते बघतात. या दुकानातसुद्धा एका पोरीला ‘फ्लोअर मॅनेजर’ करून ठेवलंय. साड्यांच्या घड्या तीच घालते!

आता मी तिला एक वही दिलीय. आली किती वाजता, सुटली किती वाजता, रोजचं लिहायचं. शिवाय त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मालकाचेच निरोप आहेत, “आज दहापर्यंत थांबायचे” म्हणून. ते पुसू नकोस म्हटलं. सोमवारी तिघी मिळून सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे जाणारेत, लेखी अर्ज घेऊन. अर्ज मीच लिहून दिला. पोचपावतीचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका, असंही बजावलंय.

पण वहिनी, माझं नाव कुठे निघता कामा नये बरं का. मालकीणबाई आमच्या भिशीत आहेत, आणि या महिन्याची भिशी मला लागायचीय.