माझा नंबर सध्या मिरकरवाड्यात असतो

अकरा वर्षं मी स्टुटगार्टमध्ये रत्नागिरीबद्दल बोलतेय. तिथे रविवारी भिंतीत खिळा ठोकायची सोय नाही, पाण्याची रिकामी बाटली पंचवीस सेंटांसाठी सांभाळून दुकानात परत न्यायची, आणि मी कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकते त्यावरून खालच्या मजल्यावरच्या आजी माझं चारित्र्य ठरवतात. मग मी खिडकीशी बसून सुस्कारा सोडते, "आमच्या रत्नागिरीत असं नसतं हो." नवरा नागपूरचा. तो म्हणतो, "मग जा ना." यंदा मे महिन्यात गेले.

स्टेशनावर उतरल्यापासून तीनदा गहिवरले. चौथ्यांदा गहिवरणार तेवढ्यात रिक्षावाल्यानं विचारलं, "पयल्यांदाच आलात काय?"

बेत सहा दिवसांचा होता. रत्नदुर्ग, भाट्याचा समुद्र, थिबा पॅलेस, शेवटच्या दिवशी पावसला मावशीकडे, आणि जाता जाता बँकेतलं एक छोटंसं काम. त्या छोट्याशा कामानं चार दिवस गिळले. रत्नदुर्ग रिक्षातून दिसला. छान आहे.

"ओटीपी आला काय?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"तो नंबर माझा नाही आता."

"मग नंबर बदलून घ्या."

"त्याचसाठी आलेय."

"हां. मग जुन्या नंबरवर ओटीपी येईल, तो सांगा."

आधार कार्ड पुढे केलं, तर त्याचाही ओटीपी त्याच नंबरवर. तिसऱ्या दिवशी साध्या कागदावर अर्ज लिहून दिला, तर सही जुळेना. अकरा वर्षांपूर्वी मी बाळबोध देवनागरीत आडनावासकट सही करत असे. जर्मन फॉर्म भरून भरून तिची आता एक वाकडी रेघ उरलीय. बाईंनी दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच वाटलं, ही मी नव्हेच.

संध्याकाळी थिबा पॅलेसवर गेले, तर दार बंद झालेलं. बाहेरच्या कट्ट्यावर बसले. ब्रह्मदेशाचा हा राजा. 1885 साली इंग्रजांनी मंडालेहून उचलला आणि पुढल्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवला. हा जांभ्या दगडाचा वाडा त्याला मिळाला 1910 साली, म्हणजे चोवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांतून काढल्यावर. तोवर तो काय करत होता? अर्ज. तनखा पुरत नाही, वाढवून द्या. बरोबर आणलेली हिरेमाणकं विकत आणि सरकारला अर्ज करत. एवढा आपलेपणा मला कुठल्याच राजाबद्दल वाटला नव्हता.

आणि गंमत बघा, 1910 साली थिबा या वाड्यात राहायला आला, तेव्हा इथल्या टिळक आळीत जन्मलेले लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात बसून 'गीतारहस्य' लिहीत होते. इंग्रजांनी साटंलोटंच केलं होतं. टिळक 1914 साली सुटून आले. थिबा 1916 साली इथेच गेला. त्याला मंडालेला न्यायचं म्हणून राणी सुपयालत हटून बसली; दोनेक वर्षं तिनं त्याला मातीआड होऊ दिलं नाही. परवानगी मिळाली नाही. थडगं शिवाजीनगरात आहे.

चौथ्या दिवशी मी स्वतःलाच फोन लावला.

"बोला ताई," पलीकडून आवाज आला.

"तुम्हाला कसं कळलं ताई म्हणून?"

"परदेशातला नंबर दिसला. तुमीच ना त्या पावसच्या मावशींच्या? कधीपासून वाट बघतोय."

माझा नंबर आता मिरकरवाडा बंदरावर मासळीचा टेम्पो चालवणाऱ्या एका माणसाकडे असतो. जेटीवर गेले तेव्हा तो बर्फाच्या लाद्या उतरवत होता. हात पुसून त्यानं मोबाइल दाखवला. दर रविवारी, सकाळी दहा: मावशी. मागे, त्याच्या मागे, सगळीकडे मावशी. मी नंबर बदलल्याचं तिला सांगितलं होतं. तिच्याकडे बटणांचा फोन, त्यात माझ्या नावापुढे जुनाच नंबर. मी वर्षातून दोनदा फोन करणार, दिवाळीला आणि पाडव्याला, आणि साडेतीन-साडेचार तासांच्या फरकावर सगळं ढकलणार.

"सुरवातीला सांगितलं मी, राँग नंबर म्हणून," तो म्हणाला. "पण म्हातारं माणूस, किती वेळा सांगणार? मग म्हटलं, ताई कामावर गेल्यात, बोला तुमी. डोळ्याचं ऑपरेशन झालं ना त्यांचं, तेव्हा मीच घरी सोडलं टेम्पोतून."

जन्मात बांगड्याकडे मान वर करून न बघितलेली माझी कोकणस्थ मावशी मासळीच्या टेम्पोतून पावसला गेली. मला ऑपरेशनचाच पत्ता नव्हता. मी जेटीवर वास लागल्यासारखा नाकाला रुमाल धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला.

पाचव्या दिवशी तो गिऱ्हाइकं सोडून बँकेत येऊन माझ्या शेजारी बसला. ओटीपी आला, त्यानं खणखणीत आवाजात वाचला. अख्ख्या बँकेनं ऐकला.

सहाव्या दिवशी त्याच्याच टेम्पोतून पावसला गेले. मावशी त्याला म्हणाली, "अरे, ये ये," आणि मला म्हणाली, "अगो, तू कशी काय?" तिच्या फोनमध्ये मी नवा नंबर घातला. कालनिर्णयवरही जाड स्केचपेननं लिहिला.

काल रविवार होता. मावशीचा फोन आला, त्याला. त्यानं मला मेसेज पाठवला: मावशी बऱ्या आहेत, फणस पिकलाय.