हवा 2900 पौंड

निवृत्त मास्तराच्या हाती पाना देऊ नये. खडू निदान झिजून संपतो तरी.

1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकच्या नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं आणि इकडे ढाणकीत माझ्या अंगात वारं शिरलं. थोडे पेन्शनीतले, थोडे सौ.च्या नजरेआडचे असे पैसे जमवून मी 4.5 मिलिमीटरची हवेची बंदूक मागवली. ती खोक्यातून बाहेर निघते न निघते तोच पुतण्या म्हणाला, "काका, कुसाळेंचं पदक काडतुसाच्या बंदुकीचं आहे, 50 मीटरचं. हवेच्या बंदुकीतला जगज्जेता म्हणजे ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, 2022 चा." म्हटलं, चालेल. जिल्हा बदलला, राज्य तेच आहे.

आता जरा यंत्र समजून घ्या, तोवर चहा येईलच. नळीखालच्या टाकीत 200 बार दाबाने हवा भरायची. ती सगळी एकदम अंगावर येऊ नये म्हणून मध्ये रेग्युलेटर बसवलेला असतो. तो पुढच्या कप्प्यात 120-एक बारच सोडतो. चाप ओढला की स्प्रिंगच्या जोरावर एक लोखंडी हातोडी सुटते, वाल्ववर आपटते, वाल्व क्षणभर उघडतो आणि छर्रा निघतो. रेग्युलेटरचा दाब वाढवला की वाल्व घट्ट बसतो, म्हणून हातोडीची स्प्रिंगही कसावी लागते. दाब उतरवला की ती सैल करायची. कारखान्याने दोघांचं जमवून दिलेलं होतं. पण आलेली वस्तू आहे तशी वापरणं आमच्या घराण्यात कमीपणाचं मानतात.

मी दाब वाढवला, नेम धरला, श्वास रोखला आणि चाप ओढला तर आतून फक्त 'टक्' असा आवाज आला, कारण एवढ्या दाबाचा वाल्व उघडणं त्या बिचाऱ्या हातोडीच्या आवाक्याबाहेरचं होतं, आणि जी काही हवा कशीबशी निसटली तिने छर्रा नळीच्या मध्यापर्यंत नेऊन सोडून दिला, तो मी साफसफाईच्या सळईने ढकलत बाहेर काढला तेव्हा शिशाचं ते इवलंसं टोपडं एका बाजूने चेपलेलं होतं आणि सौ. दारात उभी राहून विचारत होती, "लागला का नेम?"

रेग्युलेटरला हात लावायचा तर टाकी आधी रिकामी करावी लागते, म्हणजे प्रत्येक पिळ्यामागे हातपंपाने पुन्हा 200 बार. "एवढा हात रहाटावर मारला असता तर हळद भिजली असती," हे सौ.चं मत.

म्हणून बंदूक घेऊन पंक्चरवाल्याकडे गेलो. पोरगा माझाच विद्यार्थी.

"किती टाकू हवा, गुरुजी?"

"200 बार, म्हणजे 2900 पौंड."

त्याने आधी बंदुकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गुरुजी, माह्या कॉम्प्रेसरचा काटा दीडशेवर थांबते. तुमी थोडं मागं सरका."

मग मी घरी येऊन स्प्रिंग पिळली, दाब थोडा उतरवला, स्प्रिंग परत सोडली, दाब चढवला, आणि शेजारची म्हैस एका दणक्यानंतर दावं तोडून पार रस्त्यापर्यंत गेली, तरी छर्ऱ्याचा वेग मोजायच्या यंत्रावर आकडा आज एक, उद्या भलताच. "काका, 20 ज्यूलच्या वर गेलं तर लायसन लागतं," पुतण्या घाबरून म्हणाला. हिशेब केला. अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याने सेकंदाला 283 मीटर गाठले की ती हद्द येते. यंत्र 164 दाखवत होतं. कायदा आणि मी, दोघेही सुखरूप होतो.

शेवटी तो पंक्चरवाला पोरगाच एका संध्याकाळी घरी आला. पाना माझ्या हातून काढून घेतला, बंदूक उलटीपालटी केली आणि विचारलं, "दोन्ही स्क्रू संगच फिरवता का?"

"एकाने भागत नाही म्हणून."

"लुनाचं कार्बोरेटर लावतो तसंच हाय हे, गुरुजी. रेग्युलेटर एका जागी ठेवा, त्याले हातच लावू नका. मंग स्प्रिंग जराजरा कसत जा अन् आकडा पाहा. वाढे वाढे अन् एका जागी वाढनं थांबते. तिथून थोडी मागं घ्या. बस. त्याच्या पुढं नुसती हवा वाया जाते अन् म्हैस पळते."

तासाभरात छर्रे एकाच वेगाने निघू लागले, एखाद-दुसऱ्या मीटरचा फरक. मी थक्क. "हे तुला कोणी शिकवलं रे?"

"तुमीच की! नववीत. प्रयोगात एका टायमाले एकच गोष्ट बदलायची."

मला तो पेपर आठवला. उत्तर त्याने अगदी हेच लिहिलं होतं.

'टायमाले' लिहिलं म्हणून मी अर्धा मार्क कापला होता.