मर्यादापुरुष

लहानमोठ्या कंपन्यांचे भाड्याचे सर्व्हर सांभाळणारा हा गृहस्थ एरवी कुणाच्या खिजगणतीत नसतो. सर्व्हर सुरळीत चालला की मालकाला प्रश्न पडतो, ‘याला पैसे कशाचे देतो आपण?’ सर्व्हर बंद पडला की तोच प्रश्न जरा मोठ्या आवाजात पडतो.

फोन आला की तो आधी विचारतो, “काय बदललंत?” उत्तर ठरलेलं: “काहीच नाही हो!” म्हणजे काल संध्याकाळी कुणीतरी नवं प्लगइन टाकलंय, हे तो मनात टिपून घेतो. पुढचा प्रश्न मात्र भीतभीत येतो.

“रीस्टार्ट नाही ना केलात?”

“दोनदा केला!” मालक अभिमानाने सांगतो. खून झालेल्या खोलीत झाडलोट करून वर रांगोळी काढून ठेवावी, तसं हे काम. तरी तो चिडत नाही. “बघतो,” म्हणतो. ‘होईल’ हा शब्द त्याने आयुष्यात कुणाला दिलेला नाही.

त्याची उमेदवारी ओपनव्हीझेडच्या काळात झाली. २००५ साली आलेल्या या व्यवस्थेत एकाच लिनक्स कर्नलवर अनेक भाडेकरू नांदत आणि प्रत्येकाच्या वाट्याचा हिशेब ‘यूजर बीनकाउंटर्स’ नावाच्या फाइलीत असे. तिचा शेवटचा रकाना फेलकाउंटचा: मागितलं आणि मिळालं नाही, असं किती वेळा झालं ते सांगणारा. लोक सकाळी राशिभविष्य वाचत, तेव्हा हा तो रकाना वाचे. मेमरीच्या ओळीत ६५,५३६ हा आकडा पाहून एक मालक हरखले होते, “पासष्ट हजार! मग कमी काय पडलं?” ती ४ केबीची पानं होती, सगळी मिळून २५६ एमबी. त्यातही मोजली जाई ती मागणी, प्रत्यक्ष वापर नव्हे. एखाद्या प्रोग्रॅमने पुढेमागे लागेल म्हणून जागा अडवून ठेवली, तरी ती खात्यावर पडे. मग मेमरी रिकामी दिसत असतानाच नव्या मागणीला नकार मिळे.

पुढे कंटेनर आले आणि ‘मेमरी तर भरपूर आहे!’ हे वाक्य त्याच्या नशिबी कायमचं आलं. डॉकरच्या कंटेनरमध्ये ‘फ्री’ ही कमांड दिली की आकडे बहुधा अख्ख्या यंत्राचे दिसतात. कंटेनरची मर्यादा सीग्रुपच्या फाइलीत वेगळी लिहिलेली असते. जुन्या जावालाही हे उमगत नसे. यंत्र ६४ जीबीचं, कंटेनरला मंजूर २ जीबी, आणि जावा मात्र यंत्राच्या चौथ्या हिश्श्याने, म्हणजे १६ जीबीपर्यंत पसरायला मोकळी. २०१८ साली जावा १० आली, तेव्हा कुठे तिला आपली पायरी आपोआप कळू लागली. तोवर कंटेनर मरत आणि मागे १३७ हा आकडा ठेवत. १२८ अधिक ९. नऊ नंबरचा सिग्नल म्हणजे थेट वध. १३७ दिसला की याचे डोळे चमकतात. मालकाला वाटतं, संपलं सगळं. याला वाटतं, लागला धागा.

त्याचं खरं वैर मात्र तरुण डेव्हलपरांशी. ‘टू मेनी ओपन फाइल्स’ अशी तक्रार आली, की डेव्हलपर छातीठोकपणे सांगतो, “लिमिट्स डॉट कॉन्फमध्ये मी कधीच पासष्ट हजार केलंय.” हा काही बोलत नाही. चालू प्रोसेसचा नंबर शोधतो, ‘प्रॉक’मधली तिची ‘लिमिट्स’ फाइल उघडतो आणि पडद्यावर बोट ठेवतो: १०२४. सिस्टमडीने सुरू केलेली सर्व्हिस ती कॉन्फ फाइल वाचतच नाही. मर्यादा सर्व्हिसच्या स्वतःच्या फाइलीत लिहावी लागते. डेव्हलपर “पण माझ्या लॅपटॉपवर...” म्हणेपर्यंत याचा चहा पिऊन झालेला असतो.

मेमरी खरोखरच संपली तर कर्नलचा ओओएम किलर उठतो. तो प्रत्येक प्रोसेसला गुण देतो आणि सर्वाधिक गुणांची मारतो. जास्त मेमरी, जास्त गुण. त्यामुळे अनेकदा बळी जातो तो बिचाऱ्या मायएसक्यूएलचा, म्हणजे सगळा डोलारा ज्याच्या जिवावर उभा असतो त्याचाच. हा न्याय ऑफिसातल्या अकाउंटंटबाईंना एका दमात कळतो. “आमच्याकडेही असंच,” त्या म्हणतात.

मालकांना मात्र तो उलगडून सांगावा लागतो. ज्या दारातून हा गृहस्थ सर्व्हरमध्ये शिरतो, त्या एसएसएचने स्वतःला उणे हजार गुण लावून घेतलेले असतात, म्हणून किलर त्याच्या वाटेला जात नाही, एवढं ऐकून मालक खुर्चीत पुढे सरकले.

“मग सगळ्यांनाच द्या की उणे हजार!”

“मग मारायला कुणीच सापडणार नाही, साहेब. अशा वेळी कर्नल पॅनिक होतो. अख्खं यंत्रच बसतं.”

मालक बराच वेळ विचारात पडले.

“बरं, मग असं करा,” ते म्हणाले, “फक्त बिलिंगला द्या. आणि माझ्या मेलला.”