वेड पांघरून पेडगावला

मराठीच्या शब्दकोशात आमच्या श्रीगोंदे तालुक्याची कायमची नोंद आहे. ती साखरेमुळे नाही आणि कागदी लिंबामुळेही नाही. ती आहे भीमेकाठच्या पेडगावामुळे. तिथे वेड पांघरून जायचे असते. लोक जातात. आज मीही निघालो आहे.

श्रीगोंद्यात एखाद्या कॉलेजच्या आवारात इनडोअर ॲथलेटिक्स सराव केंद्र झालेच पाहिजे, अशी जाहीर मागणी मी या सदरातून करतो. छताखाली धावपट्टी, छताखाली लांब उडी, छताखाली गोळाफेक. घाई एवढ्यासाठी की उशीर झाला तर श्रेयाच्या फ्लेक्सवर माझा फोटो खालच्या रांगेत, छोट्या गोलात जाईल.

छत कशाला, असे विचारणारे प्रत्येक गावात दोघे-तिघे असतातच. त्यांच्यासाठी थोडा खुलासा. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात मैदानावर बर्फ साचतो, म्हणून तिथल्या विद्यापीठांनी आवारात भलेमोठे हॉल बांधले आणि पोरे आत पळू लागली. आपल्या देशात भुवनेश्वरला कलिंगा स्टेडियमच्या आवारात असे केंद्र झाले. आता राहिला श्रीगोंदा. आमच्याकडे बर्फ फक्त उसाच्या रसाच्या गाड्यावर दिसतो, हे मान्य. पाऊसही असा मोजून-मापून पडतो की त्याच्यापासून बचाव करणे म्हणजे वर्षाने आलेल्या पाहुण्याला दारातून हाकलणे. पण 2024च्या जूनमध्ये सरकारने पोलीस भरतीची मैदानी चाचणी ऐन पावसाळ्यात काढली आणि कित्येक ठिकाणी चिखलामुळे तारखा पुढे ढकलल्या. छताची गरज तिथेच सिद्ध झाली. चाचणी मार्चमध्ये घेता आली असती, पण तारीख बदलायला टेंडर लागत नाही, मग बदलणार कोण?

आता मापे. छताखालची धावपट्टी एका फेरीला 200 मीटरची असते आणि सरळ शर्यत 60 मीटरची. इथे एक बारीकशी अडचण आहे. आमच्या तालुक्यातली पहाटे पळणारी बहुतेक पोरे भरतीसाठी पळतात. भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, आणि दोघांनाही 100 मीटर असते. लांब पळण्याला 20 गुण, 100 मीटरला 15, गोळ्याला 15, एकूण 50. लांबच्या धावेचे जमेल, फेऱ्या वाढवल्या की झाले. 100 मीटरसाठी मात्र पोराने 60 मीटरवर भिंतीला हात टेकून थांबावे. उरलेले 40 मीटर दुसऱ्या टप्प्याच्या निधीतून.

निधीचे म्हणाल तर काळ बरा आहे. तालुका क्रीडा संकुलासाठी आधी 1 कोटी मिळत, 2022 साली सरकारने त्याचे 5 कोटी केले. कोटी म्हटले की मला आमचे पेडगावच आठवते. 1674 साली, राज्याभिषेक होऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा तिथे बहादूरखानाचा तळ होता. 2,000 मराठे त्याच्यावर चालून गेले आणि मोगल फौज बाहेर पडताच वळून धूम पळाले. खान मागे, हे पुढे. दमछाक होईपर्यंत त्यांनी खानाला पळवला आणि तेवढ्यात दुसऱ्या बाजूने 7,000 जणांनी मोकळ्या तळावरून 1 कोटीचा खजिना आणि 200 घोडे उचलले, असे सांगतात. तालुक्याच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची धाव ती हीच, आणि तीही उघड्यावर. डाव अजून तोच आहे. पुढून पोरे पळताना दिसली पाहिजेत, सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर खिळले पाहिजेत. खजिना तेव्हा परक्याचा होता, एवढाच काय तो फरक.

जागेबद्दलही विचार केला आहे. आम्ही पुणे विद्यापीठाचे. विद्यापीठाच्या पुण्याच्या आवारात खाशाबा जाधवांच्या नावाचे क्रीडा संकुल आहे. आमच्या वाट्याला आवार आले नाही, संलग्नता आली. त्याच खाशाबांना 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, कोल्हापूरच्या त्यांच्या प्राचार्यांनी राहते घर गहाण टाकले आणि खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. हल्ली प्राचार्यांवर अशी वेळ येऊ नये म्हणून क्रम बदलला आहे. आधी इमारत, मग नाव, मग खेळाडू सापडला तर बघू.

तेव्हा आराखडा. दर्शनी बाजूला गाळे. रसवंती, मोबाईल रिचार्ज, झेरॉक्स, एखादी पतसंस्था. गाळ्यांच्या भाड्यातून संकुल स्वयंपूर्ण होते, हे वाक्य प्रस्तावात लागतेच. पहिल्या मजल्यावर व्हीआयपी कक्ष, त्याला एसी. दारात कोनशिला, तीही मोठी, कारण नावे वाढत जातात आणि मंत्रिमंडळ बदलते. सगळ्यात मागे, जागा उरलीच तर, धावपट्टी. हॉल एरवी रिकामा राहू नये म्हणून लग्नसराईत भाड्याने. सिंथेटिक पट्टीवर मांडवाचे खांब रोवता येत नाहीत असे कुणी म्हणेल, पण आमच्या मंडपवाल्यांना अजून तुम्ही ओळखत नाही.

गाड्यांसाठीही सोय हवी. 2021च्या जूनमध्ये बालेवाडीला बड्या मंडळींची बैठक होती, आणि तीही क्रीडा विद्यापीठाबद्दल. त्या दिवशी त्यांच्या गाड्या थेट धावण्याच्या ट्रॅकवर उभ्या राहिल्या. फोटो गाजले, क्रीडा आयुक्तांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. ही नामुष्की आम्हाला टाळता येईल. इनडोअर पट्टी वळणावर बाहेरून उचललेली असते, गाडी उभी केली की आपोआप आत घसरेल. ड्रायव्हर लोक स्वतःहूनच लांब लावतील.

एकाच गोष्टीने थोडा खोळंबा होतो आहे, ती म्हणजे अविनाश साबळे. गडी आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. शाळा सहा किलोमीटर लांब, तिथे पायी नाहीतर पळत. पुढे महार रेजिमेंट, सियाचिन. मग 2022ला बर्मिंगहॅममध्ये राष्ट्रकुलचे रौप्य, 2023ला हांगझोऊत आशियाई सुवर्ण. आणि शर्यत कोणती, तर स्टीपलचेस! 28 अडथळे आणि 7 पाण्याचे खड्डे. या माणसाने छताचा सगळा मुद्दाच पाण्यात घातला. त्यातून त्याचे उदाहरण देऊन उद्या कुणी शाळाच सहा किलोमीटर लांब न्यायला निघेल, म्हणून प्रस्तावात त्याचे नाव घ्यायचे नाही असे ठरवले आहे. फोटो मात्र लावू.

इतकी तयारी झाल्यावर लाभार्थ्यांना विचारलेले बरे, म्हणून परवा पहाटे पाच वाजता मोटारसायकल काढून काष्टीच्या रस्त्याला गेलो. अंधार गुडूप. समोरून उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. कडेने पोरे-पोरी पळताहेत. ट्रॅक्टर आला की मातीत उतरायचे, घड्याळ थांबवायचे. तो गेला की पुन्हा डांबरावर चढायचे आणि घड्याळ सुरू. भरतीत 1600 मीटरला पैकीच्या पैकी गुण हवेत तर 5 मिनिटे 10 सेकंदांत यावे लागते. ट्रॅक्टरला थांबलेली मिनिटे तिथे वजा करून देत नाहीत.

एका मुलीला थांबवून सगळे समजावून सांगितले. छत, 200 मीटर, उचललेले वळण. ती गुडघ्यावर हात टेकून श्वास घेत ऐकत होती.

"काका, वर पत्रा कशाला? खाली मुरूम टाका ना. अन् रोलर फिरवा."

"पण पाऊस?"

"तो कुठंय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मी वळून गाडीला किक मारली, दिवा लागला, रस्ता दूरवर उजळला. मागून तिचाच आवाज आला, "काका, निघू नका! गाडी चालूच ठेवा, उजेड पडतोय." तेवढ्यात पाच-सहा पोरे उजेडात येऊन एका ओळीत उभी राहिली, एकाने शिट्टी वाजवली आणि पळत सुटली. 100 मीटर, अखंड, भिंतीशिवाय. परत आली, पुन्हा पळाली. ट्रॅक्टरवालेही माझा दिवा पाहून जरा बाजूने काढू लागले.

उजाडेपर्यंत उभा होतो. साधारण शंभर रुपयांचे पेट्रोल जळाले. बिल दुसऱ्या टप्प्यात लावावे म्हणतो.