मंत्र्यांच्या हातातली तंगडी

मंत्र्यांनी भर मांडवात, कॅमेऱ्यांकडे तोंड करून कोंबडीची तंगडी तोडली की समजावं, बाजारात कोंबडीचं काही खरं राहिलेलं नाही. एरवी आपले पुढारी उघड्यावर असलं काही खात नाहीत. मतदारसंघात माळकरी असतात आणि मतांची बेरीज सगळ्यांनाच येते. पण २८ फेब्रुवारी २०२० ला हैदराबादेत तेलंगणाचे मंत्री के. टी. रामाराव आणि त्यांचे सहकारी व्यासपीठावर उभे राहून चिकन खात होते आणि समोरच्यांना सांगत होते, बाबांनो, हिच्यातून करोना होत नाही. शास्त्रज्ञ तेच सांगत होते. पण शास्त्रज्ञांच्या हातात तंगडी नव्हती.

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. महाराष्ट्रात जिवंत कोंबडीचा शेडवरचा दर किलोला दहा रुपयांच्या आसपास घसरला. तिला वाढवायला किलोमागे सत्तर-पंचाहत्तर रुपये लागलेले. कुणी पक्षी गावात फुकट वाटले, कुणी जेसीबी बोलावून खड्डा खणला. ज्यांनी कोंबडीतून करोना होतो हा मेसेज वीस ग्रुपांवर ढकलला, ते त्या रविवारी मटणाच्या रांगेत उभे होते आणि मटण महागलं म्हणून कुरकुरत होते.

कोंबडीचा भाव व्हॉट्सॲप ठरवतं, पंचांग ठरवतं, उसाचा रस ठरवतो, कधीमधी महापालिकेचे आयुक्तही ठरवतात. तिला दीड महिना डोळ्यांत तेल घालून वाढवणारा तेवढा ठरवत नाही.

पंचांगाचंच घ्या. आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात आखाड पार्ट्यांना ऊत येतो, गटारीला चिकनच्या दुकानासमोर अशी रांग लागते की जणू उद्यापासून कोंबड्यांची जात नामशेष होणार आहे. आणि उद्यापासून श्रावण. ज्यांनी काल तीन किलो नेलं ते आज वरीचे तांदूळ शोधतात. कोंबडीला पंचांग वाचता येत नाही. ती श्रावणातही रोज खाते आणि वाढते, आणि ठरावीक वजनापुढे गेली की वाढते कमी, खाते जास्त. गहू-तांदूळ पोत्यात थांबतात, कांदासुद्धा चाळीत चार महिने कळ काढतो. कोंबडी एक दिवस थांबली तरी तिचं बिल वाढतं. पिल्लं पुरवणाऱ्या कंपन्या हुशार, श्रावणाच्या आधीच पिल्लं कमी सोडतात. मग शेड रिकामी राहते. बँकेचा हप्ता मात्र श्रावण पाळत नाही.

त्यात २०२५ साली कल्याण-डोंबिवली महापालिकेने १५ ऑगस्टला मांसविक्री बंदचा आदेश काढला आणि आधाराला १९८८ चा ठराव दाखवला. स्वातंत्र्यदिन उपवासाचा असतो हे पुष्कळांना तेव्हाच कळलं. बरं, तो होता श्रावणातला शुक्रवार. म्हणजे जो धंदा आधीच आडवा झालेला होता त्यालाच आदेश, की खबरदार उभा राहशील तर.

आता जो भाव ठरवत नाही त्याच्याकडे वळू. ब्रॉयलरचा धंदा आज बराचसा करारावर चालतो. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, लस-औषध देते आणि शेवटी पक्षी उचलून नेते. शेतकऱ्याने द्यायचं काय? शेड, वीज, पाणी, गादीला भाताचं तूस, पहिल्या आठवड्यात पिल्लांना ऊब, उन्हाळ्यात छतावर पाणी, मजूर आणि झोप. पक्षी त्याचे नाहीत, खाद्य त्याचं नाही, औषध त्याचं नाही. शेडखालची जमीन त्याची, शेडवरचं कर्ज त्याचं आणि कोंबडीखत त्याचं. कंपनीवाले सांगतात, बाजाराची जोखीम आम्ही घेतली, तुम्ही निवांत राहा. यात तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. २०२० मध्ये जे स्वतःच्या भांडवलावर पक्षी वाढवत होते ते एका महिन्यात झोपले; करारवाल्यांतले पुष्कळ निदान कर्जबाजारी व्हायचे वाचले. पुढचे महिने शेड रिकामी ठेवून त्यांनी त्याची किंमत दिली, पण ती हिशेबाच्या कागदावर येत नाही.

तो कागद एकदा बघण्यासारखा असतो. समजा पाच हजार पिल्लं टाकली. दोनशे मेली. उरलेले पक्षी सरासरी दोन किलो शंभर ग्रॅमचे भरले. झाले साधारण दहा हजार किलो. संगोपनाचा दर किलोला सात रुपये धरला, तर सत्तर हजार. वाचायला बरं वाटतं. मग वजाबाकी सुरू होते. मर ठरल्यापेक्षा जास्त झाली, कपात. एक किलो वजनाला १.६ च्या जागी १.७ किलो खाद्य लागलं, कपात. पिल्लं मुळातच अशक्त आली होती, असं म्हटलं तर सुपरवायझर मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणतो, "काका, बाकीच्यांकडे नाही झालं असं." उरलेल्यातून वीजबिल, तूस, कोळसा, मजुरी. आणि शेड धुऊन, चुना मारून पुढच्या पिल्लांची वाट बघत बसायचे पंधरा-वीस दिवस त्या कागदावर नाहीतच.

पक्षी उचलायची गाडी सहसा रात्री येते. अंधारात पक्षी बावरत नाहीत. मंद दिव्याखाली चार पोरं वाकून एकेका हातात पायांना धरून चार-पाच कोंबड्या उचलतात, क्रेटमध्ये कोंबतात, क्रेट काट्यावर चढतो. काट्याशेजारी शेतकरी टॉर्च धरून उभा. हा एवढाच प्रसंग, जिथे धंद्यातला सगळा पैसा त्याच्या डोळ्यांसमोरून जातो. गाडी आज येते म्हणाले आणि परवा आली, तर ते दोन दिवस पक्षी खात बसतात आणि खाद्याचं प्रमाण बिघडतं. उशीर गाडीचा, कपात शेतकऱ्याची.

गाडी गावाच्या वेशीबाहेर गेली की कोंबडीचं नशीब फळफळतं. शेडवर दर पडला तर दुकानाच्या पाटीला ते कळायला आठवडा लागतो. दर चढला तर पाटी त्याच सकाळी पुसली जाते. दुकानदाराचीही बाजू आहे म्हणा. दोन किलोच्या पक्ष्यातून पिसं, कातडी, आतडी काढली की हातात सव्वा-दीड किलो राहतं, त्यात गाळ्याचं भाडं आणि डीप फ्रीजरची वीज. पण ही बाजू त्याला दर चढतानाच आठवते.

आणि रोग आला तर? नवापूर आठवून बघा. नंदुरबार जिल्ह्यातलं, गुजरातच्या हद्दीला टेकलेलं गाव. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे सापडला. लाखो पक्षी मारून पुरले, रेल्वेने आपल्या जेवणातून चिकन काढलं, आणि ज्या गावांत एक पक्षी शिंकला नव्हता तिथलेही दर कोसळले. गावाने पुन्हा उभारी धरली आणि २०२१ मध्ये पुन्हा बर्ड फ्लू. नियम असा, की बाधित शेडभोवती एक किलोमीटरच्या परिघातले पक्षी मारायचे, निरोगी असले तरी. रोग थांबवायला दुसरा उपाय नाही, त्याबद्दल तक्रार नाही. गंमत भरपाईत आहे. २०२१ च्या दरांनुसार मांसल कोंबडी सहा आठवड्यांपुढची असेल तर सत्तर रुपये; सहा आठवड्यांपर्यंतची असेल तर वीस.

सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. ब्रॉयलर पक्षी कंपनी उचलते कधी? साधारण चाळिसाव्या दिवसाच्या आगेमागे. म्हणजे ब्रॉयलर कोंबडी जगते तेवढं सगळं सरकारदरबारी बालवयातच मोजलं जातं. दोन किलोची, पायांवर उभी राहताना डुलणारी ती कोंबडी सरकारच्या लेखी पिल्लू. ती सज्ञान होते त्या दिवशी ती हंडीत असते. सत्तर रुपयांचा दर ज्याने लावला त्याने बहुधा गावठी कोंबडं डोळ्यांसमोर ठेवलं असावं. शिवाय भरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. पथक यायच्या आधी जे रोगाने मेले, ते गेले. तेव्हा कोंबडीने आजारी पडावं, पण पथक येईपर्यंत धीर धरावा.

ग्राहकाला यातल्या कशाचीही काळजी नसते. त्याला एकच प्रश्न पडतो. "भाऊ, इंजेक्शन देऊन फुगवलेली नाही ना?" हा प्रश्न विचारणारा माणूस सहसा डॉक्टरांकडे जाऊन स्वतःसाठी इंजेक्शन मागणारा असतो. दहा हजार पक्ष्यांना पकडून एकेक सुई टोचायची, तर मजुरी कोंबडीच्या किमतीपेक्षा जास्त होईल आणि अर्धे पक्षी धसक्याने मरतील. ब्रॉयलर भराभर वाढतो तो त्याच्या जातीमुळे. पिढ्यान् पिढ्या निवड करकरून तो तसा घडवला आहे. विचारायचं तर प्रतिजैविकांबद्दल विचारावं. पक्षी आजारी नसतानाही वाढ बरी व्हावी म्हणून ती खाद्यातून चारली जायची. माणसांच्या डॉक्टरांनी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं कोलिस्टिन त्यात होतं. केंद्राने जुलै २०१९ मध्ये खाण्याच्या जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. तोवर कोलिस्टिन पोत्याने विकलं जात होतं आणि ग्राहक सुईचा शोध घेत होता.

आता उसाचा रस. कोंबडीच्या खर्चातला निम्म्याहून बराच अधिक वाटा खाद्याचा, आणि खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी, साखर कमी पडेल या धास्तीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. पण पेट्रोलमध्ये इथेनॉल तर घालायचंच होतं. मग मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे दर दिला. मका मोटारीच्या टाकीत निघाला, भाव चढले आणि मक्याची निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये मका आयात करू लागला. पाऊस पडला नाही उसावर, आणि सर्दी झाली कोंबडीला.

मका महागला तर मकावाल्याचं भलं झालं, याचा आनंदच आहे. पण सोयाबीनचं काय झालं तेही बघा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं तेव्हा पोल्ट्रीवाले दिल्लीला जाऊन रडले आणि सरकारने बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली. भाव उतरले, लातूरकडचा शेतकरी रडला. तीन वर्षांनी त्याच सोयाबीनला ४,८९२ रुपयांचा हमीभाव होता आणि बाजारात तेवढेही मिळत नव्हते. त्याला एक कारण पुन्हा इथेनॉलच: मक्याचा अर्क काढून उरलेला चोथा स्वस्तात कोंबडीच्या खाद्यात येऊ लागला आणि सोयापेंडीला गिऱ्हाईक कमी झालं. कोंबडीवाला हसला की सोयाबीनवाला रडतो. मौज अशी, की पुष्कळ ठिकाणी हे दोघं एकाच घरात राहतात. सकाळी जो शेतात सोयाबीनच्या भावाला शिव्या देतो, तोच संध्याकाळी शेडमध्ये पेंडीच्या भावाला देतो. दोन्ही शिव्या खऱ्या असतात.

अशा माणसाला कुणी येऊन सांगितलं, की भावाची चिंता सोडा, अंडी आम्ही ठरल्या दराने घरून नेऊ, तर तो भुलणार नाही तर काय. इस्लामपूरच्या कडकनाथ प्रकरणात हेच झालं. पैसे घेऊन काळ्या कोंबड्या दिल्या, अंडी भारी दराने परत घेण्याचं वचन दिलं. २०१९ मध्ये ते सगळं बसलं, गुन्हे दाखल झाले, आणि शेतकऱ्यांच्या दारात काळ्या कोंबड्या उरल्या, त्याही खायला मागणाऱ्या. शहाण्यांनी तेव्हा शेतकऱ्यांच्या लोभावर अग्रलेख लिहिले. ठरलेला भाव मागणं हा लोभ असेल, तर दरमहा ठरलेला पगार घेणारे आपण सगळे अट्टल लोभी आहोत.

सरकार अगदीच हातावर हात ठेवून बसलंय असं नाही. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने पशुपालनाला कृषी समकक्ष दर्जा दिला. पंचवीस हजारांपर्यंत मांसल पक्षी, पन्नास हजारांपर्यंत अंड्यावरचे पक्षी असतील, तर वीज शेतीच्या दराने, ग्रामपंचायतीचा कर शेतीसारखा, कर्जाच्या व्याजात सवलत. कालपर्यंत हा माणूस कागदोपत्री शेतकरीही नव्हता आणि कारखानदार तर नव्हताच. आता तो रीतसर शेतकऱ्याच्या पंगतीला बसला. वीज खरोखर स्वस्त झाली तर उन्हाळ्यातले पंखे आणि फॉगर त्याला परवडतील, हे काही लहान नाही. निर्णयात भावाबद्दल मात्र चकार शब्द नाही. शेतकऱ्याच्या समकक्ष म्हटल्यावर तो विषय ओघानेच मिटला.