शेरवुडमधले शंकासुर

१९३८ सालच्या ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’वर आजच्या प्रेक्षकाचा मुख्य आक्षेप कपड्यांवर असतो. रानात राहणाऱ्या दरोडेखोराची तुमान इतकी हिरवीगार, इतकी स्वच्छ कशी? अहो, टेक्निकलर तेव्हा नवलाईचं आणि महागडं. वॉर्नर ब्रदर्सनी मोजलेले पैसे पडद्यावर दिसायला नकोत? कुणाला शेरवुडची झाडंच इंग्लिश वाटत नाहीत. बरोबर आहे, ती कॅलिफोर्नियातल्या चिको गावची आहेत. तलवारबाजीतले जाणकार सांगतात, एरल फ्लिन नुसता हात फिरवतो, खरी तलवार येते ती खलनायक बेसिल रॅथबोनला. तेही खरं. पण पटकथेपुढे कसबाचं काय चालणार? मरायचं रॅथबोननंच.

बाण मात्र अस्सल होते. हॉवर्ड हिल हा नावाजलेला तिरंदाज ते जिवंत माणसांवर सोडायचा. अंगरख्याखाली संरक्षक कवच बांधून ती माणसं छातीवर बाण झेलायची आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायची. नेमका हाच प्रसंग पाहून, संगणकावर रचलेल्या लढाया बिनतक्रार पचवणारा आपला रसिक म्हणतो, “छे, हे काही खरं वाटत नाही बुवा!”