मुद्दाम आहे ते!

भाऊंच्या गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायची असते, हे तुम्हाला माहीत आहेच. कारण असे भाऊ तुमच्याही ओळखीत आहेत. तुमच्या भाऊंकडे कदाचित जुनी जावा असेल, नाहीतर व्हॉल्व्हचा रेडिओ. आमच्या भाऊंकडे लान्चिया डेल्टा इंटिग्राले आहे. १९८९ सालची, सोळा व्हॉल्व्हवाली, लाल. भाऊ इंग्लंडात रेडिंगजवळ राहतात. एका नगरपालिकेच्या हिशेब तपासणी खात्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर लोक चारधाम करतात, भाऊंनी ही गाडी घेतली.

पहिल्यांदा बसलो तेव्हा बाहेर पाऊस होता. दाराच्या फटीतून थेंब थेंब पाणी माझ्या मोज्यात उतरत होतं. तीस वर्षं ओलांडलेल्या गाडीचं रबर ते, किती टिकणार? मी तसं म्हटलं मात्र, भाऊंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

"मुद्दाम आहे ते. रॅलीची गाडी आहे. वजन कमी ठेवावं लागतं."

डॅशबोर्ड खडखडतो? मुद्दाम. ड्रायव्हरला रस्ता कळला पाहिजे. मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लागतात? मुद्दाम. मागे बसायचं नसतंच. हीटर फक्त डाव्या पायाला लागतो? मुद्दाम. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर, त्याला झोप येता कामा नये. एकदा ऐन चौकात गाडी बंद पडली. मागे बसचा हॉर्न वाजत होता. भाऊंनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, "इंजिनाला उसंत देते ती."

"मुद्दाम?"

"अर्थात."

पंचाईत अशी की भाऊंच्या दहा 'मुद्दामां'तले चार खरे निघतात. बॉनेटला मधोमध फुगवटा आहे. मला वाटलं, कुणीतरी आतून ठोसा मारला असावा. पण सोळा व्हॉल्व्हचं हेड जुन्या आठ व्हॉल्व्हच्या हेडपेक्षा उंच, ते बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेट उचललं. खरोखर मुद्दाम. चारही चाकांना ताकद जाते, तीही समसमान नाही. पुढे ४७ टक्के, मागे ५३. हेही मुद्दाम. मूळ डेल्टा म्हणजे १९७९ साली जॉर्जेत्तो जुजारोने रेखलेली साधी, घरगुती, चौकोनी गाडी. तिच्याच अंगात दोन लिटरचं टर्बो इंजिन आणि दोनशे घोडे घातले. बाजारहाट करणाऱ्या गाडीने असा अवतार का घ्यावा, हे भाऊंना विचारू नये. मी विचारलं.

त्याचं उत्तर कॉर्सिकातल्या रॅलीत सुरू होतं. मे १९८६. ग्रुप बी नावाच्या राक्षसी गाड्यांचा जमाना. हेन्री तोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जो क्रेस्तो यांची लान्चिया घाटातून खाली गेली आणि पेटली. दोघेही गेले. इथे भाऊ थांबतात, इथे मात्र 'मुद्दाम' म्हणत नाहीत. त्यानंतर ग्रुप बी मोडीत निघाला आणि १९८७ पासून ग्रुप एचं राज्य आलं. नियम असा की जी गाडी रॅलीत उतरवायची, तिच्या पाच हजार प्रती बारा महिन्यांत तयार झाल्या पाहिजेत, तुमच्याआमच्यासाठी. ग्रुप बीमध्ये दोनशेवर भागत असे. पाच हजार पुऱ्या नाहीत, तर चॅम्पियन घरी बसला. याला होमोलोगेशन म्हणतात, आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या भाषेत कोरम.

"आणि हे मोजायला कोण जायचं, ठाऊक आहे?" भाऊंचे डोळे चमकतात. "तपासनीस!"

मग ती दंतकथा येते, जी प्रत्येक फेरीत एकदा येतेच. म्हणे लान्चियाच्या ०३७ गाडीच्या वेळी दोनशे गाड्या दाखवायच्या होत्या आणि तयार होत्या साधारण निम्म्या. तपासनीसांनी एका आवारातल्या गाड्या मोजल्या. मग त्यांना इटालियन पद्धतीचं ऐसपैस जेवण दिलं. तोवर त्याच गाड्या दुसऱ्या आवारात नेऊन उभ्या केल्या. जेवण उरकून साहेबांनी उरलेल्या मोजल्या आणि सही ठोकली. खरंखोटं देव जाणे, पण १९८३ चं निर्मात्यांचं जगज्जेतेपद त्या दोन चाकांनी धावणाऱ्या ०३७ ने चार चाकांच्या आउडीच्या नाकावर टिच्चून जिंकलं, हे खरं. भाऊंना त्या जिंकण्याचं काही नाही. त्यांचं मन त्या जेवणापाशी अडकतं. "मी असतो तर जेवलो नसतो," ते गंभीरपणे म्हणतात.

गाडी विकत घेतली तीही त्यांनी याच बाण्याने. विकणारा बिचारा किल्ली हातात धरून चक्कर मारायला बोलावतोय आणि भाऊ त्याच्या स्वयंपाकघरात बसून १९९० पासूनची बिलं तारीखवार लावतायत. टायमिंग बेल्ट कधी बदलला, कुणी बदलला, बिलावर किलोमीटर किती, पुढच्या बिलाशी ते जुळतात का. शेवटी त्या माणसानेच दोन चुका कबूल केल्या आणि किंमत उतरवली. गाडी चालवून पाहायचं राहूनच गेलं.

म्हणून स्टिअरिंगची गोष्ट घरी आल्यावर वहिनींच्या लक्षात आली. ही गाडी कारखान्यातून फक्त डाव्या स्टिअरिंगची निघाली आणि इंग्लंडात आपल्यासारखंच डावीकडून चालतात. त्यामुळे पुढे ट्रक असला की ओव्हरटेकला रस्ता मोकळा आहे का, हे भाऊंना दिसत नाही, उजवीकडे बसलेल्या वहिनींना दिसतं. पार्किंगचं तिकीट देणारं यंत्रही वहिनींच्या बाजूला. वहिनींना मानदुखीची औषधं सुरू झाली.

"मुद्दाम आहे ते," भाऊ म्हणाले. "रॅलीत सहचालक असतोच. मिकी बियाझिओनशेजारी तित्सियानो सिव्हिएरो बसायचा. दोनदा जगज्जेते झाले, ८८ आणि ८९."

"अहो, तो सिव्हिएरो घरी जाऊन पोळ्या लाटत होता का?"

पण वहिनी तयार झाल्या. आज त्या मांडीवर पर्स घेऊन अस्सल मराठीत सूचना देतात: "थांबा... थांबा... पांढरी व्हॅन आहे... गेली. आता! आता म्हटलं ना! राहू दे आता." सिव्हिएरोला हे जमलं असतं असं मला वाटत नाही. वार्षिक एमओटी तपासणीलाही त्या बरोबर जातात. तिथल्या पोराने एकदा तळाचा गंज दाखवला तेव्हा भाऊ तोंड उघडणार, एवढ्यात वहिनी म्हणाल्या, "हा मुद्दाम नाहीये. वेल्डिंग करा."

या माणसाचा मला राग येतो. तुम्हालाही तुमच्या भाऊंचा येत असणार. पण एका संध्याकाळी गॅरेजमध्ये त्यांनी मला चेसिस नंबर दाखवला. बॅटरीच्या उजेडात, बोट टेकवून. ही गाडी १९८९ च्या उन्हाळ्यातली, असं त्यांनी कागदांवरून सिद्ध केलं होतं. त्या ऑक्टोबरात सान रेमोच्या रॅलीत सोळा व्हॉल्व्हची डेल्टा पहिल्यांदा उतरली. लाल रंगाची. बियाझिओन जिंकला.

"म्हणजे ही त्या पाच हजारांतली," भाऊ म्हणाले. "ही नसती तर तो सुरुवातीच्या रेषेवर उभा राहू शकला नसता."

एक नसती तर ४९९९ झाल्या असत्या आणि कुणीतरी जेवणाची सोय केली असती, हे माझ्या ओठांवर होतं. बोललो नाही. हा माणूस नोकरीत कधी खातेप्रमुख झाला नाही. मंडळात तो कधी सूचक नव्हता, नेहमी अनुमोदक. फोटोत कडेला, अर्धा खांदा कापलेला. त्याला साऱ्या जगात एक नियम असा सापडला होता की ज्यात अव्वल माणसाला आधी सामान्यांची मोजदाद पुरी करून द्यावी लागे. डेल्टाने ८७ ते ९२ अशी निर्मात्यांची लागोपाठ सहा जेतेपदं घेतली, त्या सगळ्यांच्या तळाशी ही मोजदाद होती. पुढे ९७ मध्ये नियम सैल झाले. २०२२ पासून तर वरच्या वर्गातल्या गाड्या नळ्यांच्या सांगाड्यावर बांधतात, वर ओळखीच्या गाडीचा चेहरा चढवतात. तशी गाडी दुकानात मिळत नाही. चॅम्पियनला आता भाऊंची गरज उरलेली नाही.

मंडळाला आहे. परवाच्या वार्षिक सभेत कोरमला एक माणूस कमी पडला. अध्यक्षांची फेरनिवड अडली. खिडकीतून पाहिलं तर भाऊ आवारातच होते. बॉनेट उघडून, हाताची घडी घालून, आरामात इंजिनाकडे पाहत उभे. दोनदा हाक मारली. त्यांनी तेलाची काडी काढली, पुसली, पुन्हा घातली. वहिनी माझ्या कानाशी पुटपुटल्या, "मुद्दाम."

अखेर ते आले, कोरम झाला, अध्यक्ष बिनविरोध निवडून आले. भाषणात त्यांनी चहावाल्यापासून सगळ्यांचे नावानिशी आभार मानले. भाऊंचं नाव तेवढं राहून गेलं. आणि ते काही मुद्दाम नव्हतं.